खवटपणा मोजणारी बाई

गेल्या दिवाळीत माझ्या नणंदेनं चिवड्याचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "वहिनी, जरा वास घेऊन सांग, खवट झालाय का. तुझं आयुष्य त्यातच गेलंय." जमलेले पाहुणे हसले. त्यांना वाटलं, नणंद टोमणा मारतेय. खरं तर गिरगावातल्या आमच्या अख्ख्या गोतावळ्यात माझी नोकरी नेमकी समजली होती ती तिला एकटीलाच. परळच्या एका संशोधन संस्थेत मी प्रयोगशाळेची तंत्रज्ञ होते, आणि निवृत्त होईपर्यंतची बरीच वर्षं माझं मुख्य काम एकच होतं, ते म्हणजे बायकांच्या पोटातला खवटपणा मोजणं.

आम्ही पाठारे प्रभू खाण्यावर जीव टाकणारे, त्यामुळे खवट म्हणजे काय हे मला नोकरीच्या आधीपासून कळत होतं. तेल-तूप उघडं राहिलं की हवेतला प्राणवायू त्याला धरतो आणि त्याची चव बिघडवतो. शरीरातही चरबी असतेच, प्रत्येक पेशीच्या भिंतीत असते. प्राणवायूचे काही दांडगट कण शरीरात रोजच तयार होतात आणि त्यांना आवरणारे सज्जनही शरीरातच असतात. दांडगट वरचढ झाले की पेशींच्या भिंती खवट व्हायला लागतात. ह्या प्रकाराला शास्त्रज्ञ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मी घरी कधीच म्हटलं नाही, कारण तसं म्हटल्यावर समोरचा टीव्ही लावायचा.

आमचा प्रकल्प एंडोमेट्रिओसिसवर होता. ह्या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर भलतीकडेच रुजतं, कधी अंडाशयावर, कधी आतड्यावर, कधी पोटाच्या आतल्या पडद्यावर. महिना भरला की तेही रक्त गाळतं. गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर जायला वाट आहे, ह्या रक्ताला नाही. मग ते तिथेच साचतं, त्यातलं लोह दांडगटांना चेतवतं, आजूबाजूची चरबी खवट होते. झाडलोट करणाऱ्या पेशी धावत येतात, पण त्या नुसत्या केरसुणी घेऊन येत नाहीत, पेटता पलिता घेऊन येतात. त्यानं दाह वाढतो, दाहानं खवटपणा वाढतो आणि खवटपणानं पुन्हा दाह. दोन जावांचं भांडण कुणी सुरू केलं हे जसं कधी ठरत नाही, तसंच इथे.

शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर पोटातलं थोडं पाणी काढून द्यायचे. मी बर्फाची पेटी घेऊन थिएटरच्या दाराशी उभी, कुल्फी विकायला बसल्यासारखी. नमुना आणला की नळीत आम्ल आणि एक औषध घालायचं आणि उकळत्या पाण्यात ठेवायचं. चरबी खवट झालेली असेल तर नळीत गुलाबी रंग उतरतो. जितकं खवट तितकं गुलाबी. आकडा यंत्र सांगतं, पण नळ्या ओळीनं उभ्या राहिल्या की फिक्यापासून गडदपर्यंत साड्यांच्या दुकानातला थाट दिसायचा. तो रंग चढताना बघून मला दर वेळी आनंद व्हायचा आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटायची, कारण तो कुणाच्या तरी पोटदुखीचा रंग होता.

आमच्या प्रमुख शास्त्रज्ञ, त्यांना आम्ही सगळे मॅडमच म्हणायचो, दादरच्या. बारीक चणीच्या आणि शिस्तीला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं की ह्या गुलाबीवरून कुणाला आजार आहे की नाही हे ठरवायचं नाही. गुलाबी व्हायला शंभर कारणं असतात, आपण अभ्यास करतो, डॉक्टरकी नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन.

आता माणसाला एकदा हत्यार मिळालं की तो ते चालवून बघतोच. आमच्या कँटीनचे परब लालबागचे, मूळ मालवणकडचे, त्यांचा बटाटेवडा परळभर नावाजलेला. एका दुपारी वडा खाताना मला शंका आली. मी त्यांच्या कढईतलं चमचाभर तेल वाटीत मागून घेतलं आणि मॅडम मीटिंगला गेल्यात हे बघून नळीत घातलं. काय तो गुलाबी! राणी कलरचा शालू. आम्ही चौघीजणी नळीभोवती फेर धरून हसत होतो आणि मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आमची यथास्थित हजेरी घेतली, नळी फेकायला लावली आणि जाता जाता विचारलं, "कुठलं तेल हे? मी आत्ताच दोन खाल्ले."

परबांच्या कानावर गेलंच. ते थेट प्रयोगशाळेच्या दारात. "बाई, माज्या तेलाक नाव ठेवू नका. तुमच्या नळयेतच कायतरी खराब आसतला." पण दुसऱ्या दिवसापासून कढईत ताजं तेल दिसायला लागलं. गंमत अशी की सगळी संस्था कुरकुरायला लागली, वड्याला पूर्वीची चव राहिली नाही म्हणून. आठवडाभरानं मीच परबांची माफी मागितली.

नळीवरूनच एक बाई आठवते. वडाळ्याच्या बस डेपोत कंडक्टर होती. शस्त्रक्रिया झाल्यावर टाके काढायला आली आणि शोधत शोधत आमच्या मजल्यावर पोचली. म्हणाली, माझं पाणी तुमच्याकडे आलंय ना, मला त्याचा रंग बघायचाय. नियमात हे कुठे बसत नव्हतं. मॅडमनी थोडा विचार केला आणि मान हलवली, तिचा आजार शस्त्रक्रियेत दिसलाच होता. मी नळी उजेडासमोर धरली. ती बाई बघतच राहिली. इतकी वर्षं हिला डॉक्टरांनी, नवऱ्यानं, डेपोतल्या साहेबानं सांगितलं होतं की तुझ्या पोटात काही नाही, सगळं डोक्यात आहे. तिनं चक्क टाळी वाजवली. "म्हणजे होतं काहीतरी," म्हणाली, आणि आम्हाला सगळ्यांना परबांचा चहा पाजूनच गेली.

आता मरीनाची गोष्ट. खरं तर मी लिहायला बसले ती हिच्यासाठीच.

मरीना आमच्याकडे प्रकल्पावर लागलेली तरुण तंत्रज्ञ, शीव कोळीवाड्याची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी ख्रिस्तींपैकी. हात कामात चपळ, तोंड त्याहून चपळ. नळ्या गरागरा फिरवणारं सेंट्रिफ्यूज यंत्र चालू असताना त्याच्या तालावर नाचायची. महिन्यातून एक-दोन दिवस मात्र ती गैरहजर असायची, कारण विचारलं की सांगायची, "गॅस झालेला, बाई." आम्ही तिला ओवा द्यायचो. एंडोमेट्रिओसिसच्या प्रयोगशाळेत बसून ओवा.

त्या वर्षी ईस्टरनंतर तिच्या एकुलत्या एका भावाचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात लग्नाआधी उंबराचं पाणी असतं. नवऱ्या मुलाच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून आणायचं, बायका लुगडी नेसून, पुढे बँड, नाचत नाचत. मरीनाच्या घरच्या पद्धतीप्रमाणे पहिली घागर नवऱ्याच्या बहिणीच्या डोक्यावर. मरीना ह्या घागरीसाठी वेडी झाली होती. जेवणाच्या सुट्टीत डोक्यावर डिस्टिल्ड वॉटरची बाटली ठेवून चालायची. पण एक भीती होती आणि ती तिनं आम्हाला हसत हसत सांगितली. आधीच्या लग्नात, चुलतभावाच्या, सगळी वाडी नाचत असताना ही मागच्या खोलीत गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेली. तिच्या थेरेझा आत्यानं तेव्हा भर मांडवात जाहीर केलं होतं की मरीना नाटकी आहे. ह्या वेळी आत्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, मरीना आडवी पडली तर घागर माझी ग्लोरिया घेईल.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. औषधाची नवी बाटली फोडली की ती बरोबर चालते का हे बघायला निरोगी रक्त लागायचं. मग विभागातल्या सगळ्या बायका ओळीनं बसायच्या, संमतीच्या सह्या करायच्या, दंड पुढे करायच्या आणि वर चहा-बिस्कीट. आम्ही त्याला आमचं हळदीकुंकू म्हणायचो. तब्येतीची चौकशीही व्हायची, पण ती हळदीकुंकवातल्यासारखीच. पाळीचा काही त्रास? नेहमीचाच. चल, पुढची.

लग्नाच्या तीन-चार महिने आधी, नाताळाच्या सुमारास, असंच हळदीकुंकू झालं. नळ्या उकळून काढल्या तर बाकीच्या फिकट आणि एक भलतीच गुलाबी. नळ्यांवर नावं नसायची, नुसती खूण. आमचं पहिलं बोट पाण्याच्या भांड्याकडे, दुसरं नव्या बाटलीकडे आणि तिसरं अर्थातच परबांकडे. परबांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, "ह्या खेपेक मी नाय, देवाशप्पथ." पुन्हा रक्त घेतलं, उपाशीपोटी, वडा वर्ज्य. पुन्हा तीच नळी गुलाबी. मॅडम वैतागल्या. त्यांचं म्हणणं, एका नळीवरून काही ठरत नाही, पण हिला निरोगी म्हणून बसवताना आपण विचारलं काय? रुग्णांना आपण इतके प्रश्न विचारतो, तेच सगळे एकमेकींना विचारा, नीट, रुग्ण समजून.

आम्हाला काय, खेळच मिळाला. मी डॉक्टरीण झाले, गळ्यात कुणाचा तरी स्टेथोस्कोप. एकेक जण पदर ओढून रुग्ण बनून यायची आणि कण्हायची. हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग मरीना आली, लंगडतच, कमरेवर हात ठेवून. शस्त्रक्रियेला आलेल्या बायकांना मी विचारते त्या आवाजात विचारलं, पाळीत कामावर जाता येतं का. ती म्हणाली, येतं की, दुसऱ्या दिवशी. लघवीला, संडासला बसताना दुखतं का? ती अजून हसतच होती. म्हणाली, ते तर सगळ्यांनाच दुखतं. मी म्हटलं, मला नाही दुखत. मागून दुसरी म्हणाली, मला पण नाही. तिसरीनं नुसती मान हलवली.

मरीनानं कमरेवरचा हात काढला. "खरंच नाय दुखत? कुणालाच?" तिनं विचारलं. "मग मी काय मस्ती म्हणून दर महिन्याला बाथरूममध्ये टॉवेल चावते?"

माझ्या गळ्यात तो स्टेथोस्कोप तसाच लोंबत राहिला. रोज सकाळी आम्ही परक्या बायकांना हेच प्रश्न तोंडपाठ विचारत होतो, आणि आमच्याच टेबलाशी बसणारी मुलगी गॅस म्हणत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मला इतकं वाईट वाटलं की मी तिला जवळ घेतलं. तिनं माझ्या खांद्यावर नाक पुसलं आणि म्हणाली, बाई, तुमच्या ॲप्रनला फॉर्मलिनचा वास येतो.

खुणेची नळी कुणाची, हे मॅडमनी कधीच बघितलं नाही आणि आम्हालाही बघू दिलं नाही. त्या म्हणाल्या, नळी गुलाबी असो नाहीतर पांढरी, ही मुलगी टॉवेल चावते एवढं पुरे आहे. त्याच दुपारी त्या तिला शेजारच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली, जुन्या काळपट रक्तानं भरलेली. तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. मरीना रडता रडता हसली. म्हणाली, एवढा घाण प्रकार आणि नाव वाढदिवसाच्या केकचं.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची घाई केली नाही. रोज घ्यायची हार्मोनची गोळी लिहून दिली. ह्या गोळीनं आजार मुळासकट जात नाही, पण पाळी थांबते, त्या भलत्या अस्तराचं दर महिन्याचं गळणं थांबतं, आणि पुष्कळ जणींचं दुखणं काही महिन्यांत उतरतं. काहींचं नाही उतरत, हेही त्यांनी सांगितलं. ईस्टरला वेळ होता. पण घरी सांगितल्याशिवाय औषध सुरू करायला मरीना तयार नव्हती, आणि घरी सांगायला तर मुळीच तयार नव्हती. शेवटी मॅडम आणि मी तिच्या घरी गेलो.

तिच्या आईनं, रेजिनाबाईंनी, आमच्यापुढे आधी फुगियासची परडी ठेवली. फुगियास म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले, फुगलेले गोळे, बाहेरून कुरकुरीत. मी एक तोंडात टाकला. तेल ताजं होतं. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, अस्तर, रक्त, दाह. रेजिनाबाई ऐकत होत्या आणि आमच्या बश्या भरत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्यात सगल्यांनाच दुखतं, बाय. त्यात डाक्टर कशाला?" मॅडमचं शास्त्र तिथे थांबलं. मी म्हटलं, रेजिनाबाई, आमच्या हापिसात विचारलं तेव्हा आम्हाला कुणालाच तसं दुखत नव्हतं. त्यांनी परडी खाली ठेवली आणि लेकीकडे बघितलं. मग गोळी कधी घ्यायची ते त्यांनीच विचारलं.

गोळ्या सुरू झाल्या, रेजिनाबाईंच्या एका अटीवर. लग्न होईपर्यंत थेरेझाला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. नाहीतर ती नाटकी म्हणत होती, आता आजारी म्हणेल आणि घागर तशीही ग्लोरियाकडे जाईल. मी वचन दिलं.

पुढचे महिने आमची प्रयोगशाळा मरीनाच्या पोटावर चालली. पहिल्या महिन्यात काही फरक नाही, वर चिडचिड आणि मधूनच डाग. तिनं गोळ्यांचं पाकीट दोनदा कचऱ्यात टाकलं आणि दोन्ही वेळा मीच बाहेर काढलं. मग एके दिवशी ती वेळेवर आली. पुढच्या महिन्यात गैरहजर राहिलीच नाही. परबांनी तिला फुकट वडा दिला, का ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं, सगळे खूश आहेत म्हणून तेही खूश. डोक्यावरची बाटली जाऊन तिथे पाण्यानं भरलेली बादली आली आणि आमची फरशी रोज धुऊन निघायला लागली.

उंबराच्या पाण्याला आम्ही सगळ्याजणी गेलो. कोळीवाड्यातली ती विहीर आता जाळीनं बंद केलेली आहे. त्यामुळे पाणी भरायचं शेजारच्या नळावर आणि नमस्कार करायचा विहिरीला. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. बँडवाले लाल कोटात, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि एक ढोल जो माझ्या छातीत वाजत होता. मरीना हिरव्या लुगड्यात, केसांत फुलं, डोक्यावर भरलेली घागर, आणि अशी नाचत होती की पाण्याचा थेंब सांडत नव्हता. सेंट्रिफ्यूजची सगळी तालीम उपयोगी पडली. थेरेझा आत्या खुर्चीत बसून डोळ्यांत तेल घालून बघत होत्या, ही आता पडते की मग पडते. ती पडेना. नाचून नाचून म्हाताऱ्या दमल्या, मुलं दमली, नवरा मुलगा दमला, ही दमेना. माझे गुडघे कामातून गेलेले, तरी मीही दोन गिरक्या मारल्या. मॅडमनी एक मारली, पण ती मोजून.

मी दम खायला बँडच्या बाजूला उभी राहिले तर एक मुलगी येऊन चिकटली. ती ग्लोरिया, थेरेझाबाईंची लेक, तीच राखीव घागरवाली. कानाशी येऊन म्हणाली की मरीनानं तिला गुपचूप सगळं सांगितलंय, आणि तिलाही असंच होतं. मी वचन विसरले नव्हते, पण समोर अशी पोर उभी राहिल्यावर विचारल्याशिवाय कसं राहवणार? मी विचारायला लागले. कानात ट्रॉम्बोन घुमत होता, तिला काही ऐकू जाईना, म्हणून मी आवाज चढवला. तरी ऐकू जाईना. मग मी छाती भरून श्वास घेतला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "संडासला बसताना दुखतं का?"

नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

माझं वाक्य त्या अख्ख्या वाडीवरून गेलं. नवऱ्या मुलाचा हात वरच्यावर राहिला. रेजिनाबाईंनी लुगड्याचा पदर तोंडावर घेतला. मॅडम विहिरीच्या जाळीकडे अशा बघायला लागल्या की जणू त्या माझ्याबरोबर आल्याच नव्हत्या. ग्लोरिया लाल झाली होती, आमची कुठलीही नळी झाली नसेल इतकी. मला वाटलं, जाळी उघडी असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थेरेझा आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत होत्या.

"सांग त्यांना, खरं काय ते सांग," त्या म्हणाल्या. "मना बी दुखायचं. मी कवा कुनाला बोललीच नाय."

"दुखतं," ग्लोरिया म्हणाली. हळूच म्हणाली, पण तेवढ्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. मागच्या रांगेतल्या आणखी दोघी पुढे सरकल्या.

बँडमास्तर ट्रम्पेट खाली धरून उभा होता. त्यानं आत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शेवटी मरीनाला विचारलं, आता काय करायचं. मरीनाच्या डोक्यावर घागर होती, त्यामुळे तिनं मान हलवली नाही, फक्त एक हात वर केला.

"वाजवा," ती म्हणाली, "पण हळू वाजवा. बाईंचं विचारून व्हायचंय."